दिवाळीच्या भेटकार्डांची तयारी, पाकिटापासून

सहामाही परीक्षा संपली की दोन दिवस मुलं झोपतात, आणि तिसऱ्या दिवशी "आता काय करू?" सुरू होतं. भेटकार्डं करायला तो तिसरा दिवस धरायचा. पुढे ढकललंत तर सोसायटीत किल्ल्याची माती येऊन पडते, आणि एकदा माती आली की कार्डासाठी कुठलंही पोर जिना चढून वर येत नाही. त्याच्या मागोमाग घरात चकल्या तळल्या जातात. तेलाच्या बोटांनी रंगवलेल्या कार्डावर डाग तेवढे पक्के बसतात.

कागदाच्या आधी माणसं ठरवायची. प्रत्येक मुलाला विचारायचं, कोणाला द्यायचं? फार तर चार नावं. आमच्याकडे यंदा मिरजेची पणजी, नागपूरचा मामा, शाळा सोडून गेलेल्या एक बाई आणि रोज दूध टाकणारे काका अशी नावं निघाली. काकांचं हातात द्यायचं, बाकीची टपालाने. पत्ते मोठ्यांनीच फोन करून घ्यावेत. मुलांनी विचारले की कार्डाची बातमी आधीच पोचते. सहा आकडी पिनकोड मात्र नक्की मागून घ्या, नातेवाईक तो हमखास गाळतात.

मग पाकिटं. हा क्रम मी चुकून शिकले. गेल्या वर्षी आम्ही आधी मोठी छान कार्डं केली आणि पाकिटं नंतर आणली. एकही कार्ड त्यात मावेना. शेवटी आणखी एक घडी घालावी लागली आणि मामाकडे आकाशकंदील मधोमध मोडून गेला. तेव्हा पाकीट आधी घ्यायचं आणि कार्ड त्याच्यापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर लहान कापायचं. ए-फोर कागद आडवा अर्धा कापून प्रत्येक तुकडा दुमडला की 105 बाय 148 मिलिमीटरची दोन कार्डं होतात. लहान मुलांना हा आकार पुरतो. मोठी जागा दिली की निम्मी कोरी राहते.

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. 200 जीएसएमचा घ्या. 300 चा पूर्ण ए-फोर दुमडून पाठवला तर नुसता कागदच 19 ग्रॅमच्या आसपास जातो, पाकीट धरून 20 ग्रॅमची मर्यादा ओलांडतो आणि जास्तीचं तिकीट लागतं. खरेदीला पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी किंवा अप्पा बळवंत चौक, पण कामाच्या दिवशी सकाळी. दिवाळीआधीच्या शनिवार-रविवारी लक्ष्मी रोडच्या बाजूला मुलांना घेऊन जाणं म्हणजे कागद राहिला बाजूला, मुलंच मोजत बसायचं. हौस असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एक चक्कर टाका. संस्था 1940 ची आहे. फक्त हातकागदावर स्केचपेन पसरतं, तिथे तेलखडूच बरा.

दुमडण्यापूर्वी कागद दोन्ही दिशांना हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्याच बाजूला घडी घाला, नाहीतर कडेला तडे पडतात. घडीवरून चमच्याची पाठ फिरवायची. हे काम मुलांना फार आवडतं.

आता काढायचं काय? शरद ऋतू म्हटला की आमची मुलं लाल-केशरी, पाच टोकांचं पान काढतात, कार्टूनमध्ये पाहिलेलं. पुण्यात आश्विनात झाडं धुऊन निघालेली, हिरवीगार असतात. पानगळ येते शिशिरात. मी त्यांना रागावत नाही, टेकडीवर घेऊन जाते. हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडी, संध्याकाळी तासभर. इथला शरद गवतात दिसतो: खाली अजून हिरवं, शेंड्याला पिवळं. तोडून काही आणायचं नाही, बघून घ्यायचं. घरी आल्यावर धाकटीने फक्त पिवळ्या रेघांचं एक कार्ड काढलं. माझ्या मते सगळ्यांत चांगलं तेच होतं, पणजीला काय कळेल ते कळेल.

दसऱ्याला घरात साचलेलं सोनं दुसऱ्या दिवशी टाकून देऊ नका. त्यातली न फाटलेली आपट्याची पानं वर्तमानपत्राच्या घडीत, जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात, पान वाळायला आठवडा पुरतो. बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानंही येतात. आकार तसाच, पण ती मोठी असतात आणि लहान कार्डावर मावत नाहीत. पानाचा ठसा घासून काढायचा असेल तर पान ताजं हवं आणि शिरांची बाजू वर. जाड कागदावर शिरा उमटत नाहीत. पातळ कागदावर खडू घासायचा, मग कापून चिकटवायचं. फेविकॉल बोटाने अगदी पातळ. जास्त झाला की कार्ड पापडासारखं वळतं.

आमच्या घरातला लाडका प्रकार मात्र वेगळा. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या तेलखडूने पणत्या, चांदण्या, कोजागिरीचा चंद्र, काय हवं ते दाबून काढायचं. काहीच दिसत नाही. मग वरून गडद निळ्या जलरंगाचा पातळ हात फिरवायचा. तेलावर पाणी ठरत नाही, त्यामुळे चित्र अंधारातून वर येतं आणि मुलं ओरडतात. त्यासाठी पाण्याचे दोन पेले (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ), जुनं फडकं आणि कागदाच्या कडा पाटाला चिकटवायला मास्किंग टेप एवढं आधी मांडून ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात कार्ड लवकर वाळतं, परतीचा पाऊस आला तर तासभर धरून चाला.

मोठ्यांनी स्वतःला एक वेगळा कागद घ्यावा. हात रिकामे राहिले की ते मुलांच्या चित्राकडे जातात.

आतला मजकूर रंग लावायच्या आधी, पेन्सिलीच्या रेघांवर लिहायचा. 'शुभेच्छा'तल्या 'च्छ'ला जागा सोडायला सांगा, तिथेच ओळ संपते. पणजीसाठी 'ती.' लिहायला सांगितलं तर थोरल्याने विचारलं, "ती म्हणजे कोण?" मग तीर्थरूप, साष्टांग नमस्कार सगळं समजवावं लागलं, त्यालाही दहा मिनिटं धरा. छापील वाक्यापेक्षा मुलांचं वाक्य ठेवा. मामाला यंदा गेलं, "किल्ल्याला खंदक आहे, त्यात खरं पाणी आहे, बघायला ये."

पाकीट बंद करायच्या आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी टाका. टपालपेटीवर पत्रं काढायची वेळ लिहिलेली असते, ती बघून निघा. आणि पेटीत कोण टाकणार हे घरूनच ठरवून जा, तिथे भांडण नको.