मोटार अपघाताचा दावा: वकिलाकडून कोणतं काम करून घ्यायचं

रस्त्यावरच्या अपघातात जखमी झाल्यास भरपाईचा अर्ज मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. ‘आधी प्लास्टर निघू दे, मग वकील बघू’ हे आता परवडत नाही. अपघात घडला ते ठिकाण, अर्जदाराचं राहण्याचं किंवा कामाचं ठिकाण आणि सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठल्याही हद्दीत अर्ज चालतो. तारखांना जाणं झेपेल असं कोर्ट निवडा.

पहिल्या भेटीला एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, समोरच्या गाडीची आरसी, विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांतलं जे हाती असेल ते न्या. उरलेलं वकील पोलिसांकडून मिळवतो. तपास अधिकाऱ्याने प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यावा, असा नियम आहे. मात्र पाठपुरावा केला नाही तर कागद ठाण्यातच पडून राहतो.

चांगला वकील सर्वांत आधी दवाखान्याची एमएलसी नोंद (पोलीस प्रकरण म्हणून डॉक्टरांनी केलेली नोंद) मागतो. घाईगडबडीत सोबतच्या नातेवाइकाने ‘गाडीवरून पडला’ एवढंच सांगितलं आणि डॉक्टरांनी तेच लिहिलं, तर दुसऱ्या गाडीचा उल्लेखच राहतो. उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील नेमकी तीच ओळ वाचून दाखवतो. अशी नोंद असेल तर प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लगेच शोधावा लागतो. पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा, रस्त्याची रुंदी आणि गाड्या कोणत्या बाजूला पडल्या होत्या हे तपासा. तुमचाही निष्काळजीपणा ठरला, तर तेवढ्या टक्क्यांनी भरपाई कापली जाते.

सामनेवाले म्हणून गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी या तिघांनाही घालावं. पॉलिसी अपघाताच्या वेळी चालू होती का, हे पाहायला विसरू नका.

आता पैशाचा हिशेब. वकिलाची खरी कसोटी इथेच लागते. समजा ३२ वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा माणूस महिन्याला २०,००० रुपये कमावतो. वर्षाचे २,४०,००० झाले. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असेल तर वर्षाचं नुकसान १,००,८००, आणि ३१ ते ३५ वयासाठी गुणक (वर्षाच्या नुकसानाला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १६. म्हणजे १६,१२,८०० रुपये. हे गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा निकालात घालून दिले आणि वाढीचे टक्के २०१७च्या प्रणय सेठी निकालात.

यातला ३० हा आकडा सगळं ठरवतो. प्रमाणपत्रात ‘उजव्या पायाचं ४० टक्के अपंगत्व’ असं असतं. ते पूर्ण शरीराचं नसतं, आणि कमाईचं तर मुळीच नसतं. तोच पाय ट्रकचालकाचा असेल तर धंदा बसू शकतो. टेबलावर बसून काम करणाऱ्याची कमाई कदाचित फारशी घटणार नाही. २०११च्या राज कुमार निकालाने हा फरक स्पष्ट केला आहे. म्हणून अर्जदाराला रोज काय उचलावं, चढावं, चालवावं लागतं हे सरतपासणीच्या (अर्जदाराच्या स्वतःच्या साक्षीच्या) शपथपत्रात तपशिलाने यायला हवं, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हायला हवी. नुसता कागद दाखल करून भागवणारा वकील इथे लाखो रुपये घालवतो. उपचार संपायचे असतील तर अर्ज आधी भरा, प्रमाणपत्र मागाहून जोडता येतं.

उत्पन्नासाठी अपघाताआधीची आयकर विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे उपयोगी पडतात. अपघातानंतर घाईने भरलेल्या विवरणपत्राकडे कोर्ट संशयाने पाहतं. औषधांच्या बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. सोबतीचा माणूस, प्रवास, खास आहार, बुडालेला पगार आणि पुढे प्लेट काढायचा खर्च हेही अर्जात मागायचं असतं.

कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. पण कलम १४९च्या पद्धतीने, म्हणजे विमा कंपनीशी तडजोड करून, ती रक्कम स्वीकारली की कलम १६६चा अर्ज संपतो. सही करण्याआधी विचारून घ्या. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर ही रक्कम अनुक्रमे ५० हजार आणि दोन लाख असते. तो अर्ज न्यायाधिकरणाकडे न जाता तालुक्यातल्या महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो.

फी आधीच लेखी ठरवा. ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असा करार वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे. तसा प्रस्ताव आला, किंवा कोऱ्या कागदावर अथवा कोऱ्या धनादेशावर सही मागितली, तर दुसरा वकील बघा.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण त्यावर अपील नाही. वरचा हिशेब मांडून मगच आकडा मान्य करा. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी निकालाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागायला सांगा.