पियानो घ्यायला निघालात? दुकानातल्या या चुका टाळा

सेल्समनचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'बजेट किती?' हाच असतो. आपण प्रामाणिकपणे आकडा सांगतो आणि मग त्याहून थोडी महाग वाद्यंच समोर येऊ लागतात. आकडा सांगू नका. कोण वाजवणार, खोली केवढी आहे, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होईल का, एवढंच सांगा. आज फक्त बघायला आलोय, हेही आल्या आल्या सांगून टाका.

पुढची चूक म्हणजे त्यालाच वाजवू देणं. उंच छताच्या, गुळगुळीत फरशीच्या दालनात झाकण उघडं ठेवून, पेडल दाबून एखादी जोशातली रचना वाजवली की साधारण वाद्यही भव्य वाटतं. स्वतः बसा. वाजवता येत नसेल तरी बिघडत नाही. डावीकडून सुरुवात करून 88 पट्ट्या एकेक करत हळू दाबा. हळूच, कारण जोरात वाजवलं की दोष झाकले जातात. एखादा स्वर शेजारच्या स्वरांपेक्षा बोथट वाटतो का, पट्टी वर यायला उशीर करते का, कुठे तार झणझणते का, बघा. तांब्याचा वेढा असलेल्या जाड तारा संपून साध्या पोलादी तारा जिथे सुरू होतात, तिथे स्वराचा पोत एकदम बदलतो का, हे विशेष ऐका. स्वस्त पियानो हमखास तिथे उघडे पडतात.

आता सेल्समनच्या ठरलेल्या वाक्यांकडे वळू.

'हे नाव शंभर वर्षं जुनं आहे.' नाव असेल, कारखाना तोच असेलच असं नाही. जुनी नावं विकत घेऊन नव्या वाद्यांवर लावणं या धंद्यात सर्रास चालतं. मूळच्या अमेरिकन 'क्नाबे'चं नाव पुढे कोरियाच्या सामिक कंपनीकडे गेलं. स्टाइनवे कंपनीच्या घरातला 'बॉस्टन' प्रत्यक्षात जपानची कावाई कंपनी बनवते. यात वाईट काही नाही, बॉस्टन चांगलाच पियानो आहे. फक्त इतिहासाचे पैसे मोजू नका. कोणत्या कारखान्यात, कोणत्या वर्षी बनला, हे विचारा आणि सीरियल नंबर लिहून घ्या. बहुतेक नामांकित पियानोंचं वर्ष त्यावरून कळतं.

'ग्रँड तो ग्रँडच.' ग्रँड म्हणजे आडव्या तारांचा पियानो, अपराइट म्हणजे उभ्या तारांचा. दीडेक मीटर लांबीच्या बेबी (म्हणजे छोट्या) ग्रँडपेक्षा 130 सेंटिमीटर उंचीच्या चांगल्या अपराइटचा खर्ज अनेकदा भरदार लागतो, कारण त्यात खर्जाच्या तारांना लांबी मिळते. ग्रँडमध्ये तोच स्वर भराभर पुन्हा वाजवता येतो, हा फायदा मात्र खरा. तो तुम्हाला लागणार आहे का, ते शिक्षकांना विचारा.

'त्या कंपनीच्या पियानोत आत प्लास्टिक आहे.' हा टोमणा सहसा कावाईला असतो. तिच्या यंत्रणेतले काही भाग एबीएस या प्लास्टिकचे असतात आणि ते दमट हवेत लाकडासारखे फुगत नाहीत. दुसऱ्याच्या मालाची निंदा सुरू झाली की माझा तरी त्या दुकानावरचा विश्वास कमी होतो.

'हा भाव फक्त आजच.' यावर एकच उपाय, कारण देऊ नका. प्रत्येक कारणाला त्याच्याकडे उत्तर तयार असतं. 'घरी विचारावं लागेल' म्हणालात की 'आत्ताच फोन लावा ना' येतं. 'महाग आहे' म्हणालात की हप्त्यांचा कागद पुढे सरकतो, मग मॅनेजर येतो. 'मी आज घेत नाही,' एवढंच म्हणा, पुन्हा तेच म्हणा आणि उठा. 'अडवून ठेवायला' इसार तर मुळीच देऊ नका. दिलाच असेल तर तो परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्या.

जुना पियानो असेल तर दुकानाचा माणूस 'एकदम ओके' म्हणतो, त्यावर भागवू नका. स्वतःच्या पैशाने बाहेरचा ट्यूनर न्या. पियानोत सुमारे 230 तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण कित्येक टनांचा. तो पेलणाऱ्या खुंट्या त्या ज्यात ठोकलेल्या असतात त्या लाकडी ठोकळ्यात, म्हणजे पिनब्लॉकमध्ये, सैल झाल्या असतील तर आज ट्यून केलेलं वाद्य थोड्याच दिवसांत उतरतं. म्हणून 'कालच ट्यून केलंय' हे ऐकून खूश होऊ नका, खुंट्या किती घट्ट आहेत ते ट्यूनरला तपासायला सांगा. साउंडबोर्डला, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीला, बारीक चीर दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. आवाज खरखरत नसेल तर ती बहुधा निभावते. स्पिनेट नावाच्या ठेंगण्या अपराइटपासून मात्र लांबच राहा. त्याची यंत्रणा पट्ट्यांच्या पातळीखाली असते आणि दुरुस्ती किचकट होते.

सौदा ठरलाच तर बिलावर मॉडेल, सीरियल नंबर, पोचवणं, बाक आणि घरी आल्यावरचं ट्यूनिंग, सगळं लिहून घ्या. 'पुढे मोठा घेताना याचे पूर्ण पैसे वळते करू' या वचनामागे नवा पियानो दुप्पट किमतीचा असावा, अशी अट असू शकते. वॉरंटी कंपनीची की दुकानाची, तेही बघा.

घरी आल्यावर सूर हलला तर लगेच भांडायला जाऊ नका. नव्या हवेत लाकूड स्थिरावायला दोन-तीन आठवडे लागतात. ट्यूनिंग त्यानंतर करा. एखाद्याच स्वराला काहीतरी झणझणत असेल तर दुकानाला फोन करण्याआधी पियानोवरच्या फोटोफ्रेम उचलून पाहा.