नस म्हणजे वायर नाही! चेतासंस्था शिकताना या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या पोरांना बायो शिकवते मी. चेतासंस्थेचा धडा झाला की दरवर्षी पेपरात त्याच चुका, आणि पोरं मन लावून अभ्यास करणारी असतात हो, डोक्यातलं पहिलं चित्रच चुकलेलं असतं.

सुरुवात शब्दापासून. आपण सगळ्यालाच नस म्हणतो. सलाईन लावताना "नस सापडत नाहीये" म्हणतात ती शीर, रक्ताची. "मानेत नस दबलीय" मधली नस म्हणजे चेता, तिचं काम संदेश न्यायचं. कोपर कडेला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती चेता. वहीत नस लिहूच नका, शीर की चेता ते ठरवा.

आता मोठी चूक, वायरची. वायरमध्ये करंट या टोकाकडून त्या टोकाला क्षणात पोचतो, चेतापेशीत तसं होत नाही. शांत असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण उणे 70 मिलिव्होल्ट असते, ती उणे 55 च्या आसपास आली की सोडियमचे चॅनल, म्हणजे पेशीच्या पडद्यातली दारं, धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतो, मग पोटॅशियम बाहेर पडतो आणि व्होल्टेज परत खाली, तोवर शेजारच्या जागी हेच सुरू झालेलं असतं. फटाक्यांची माळ डोळ्यासमोर आणा, शेवटचा फटाका पहिल्याइतकाच जोरात वाजतो, फक्त ही माळ काही मिलिसेकंदात पुन्हा वाजायला तयार! म्हणूनच वेग मर्यादित असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1850 मध्ये बेडकाच्या चेतेत तो मोजला तर सेकंदाला जेमतेम 30 मीटरच्या आसपास निघाला. आपल्यात मायलिनचं (चरबीयुक्त थराचं) आवरण असलेले जाड तंतू सेकंदाला 120 मीटरपर्यंत संदेश नेतात, बिनआवरणाचे बारीक तंतू मीटर-दोन मीटरच. पलंगाला पाय आपटला की ठेच आधी कळते आणि ठणका मागून येतो, तो या फरकामुळे.

"सोडियम-पोटॅशियम पंपामुळे व्होल्टेज खाली येतं" असं लिहिलं की मार्क गेलेच. ते काम पोटॅशियमच्या चॅनलचं. पंप मागे सावकाश चालू असतो, 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. तो बंद पाडला तरी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूतून (चेतापेशीच्या लांब धाग्यातून) बराच वेळ संदेश जात राहतात.

जोरात चिमटा काढला म्हणून संदेश मोठा होतो का? नाही. प्रत्येक संदेश तेवढाच, फक्त ते भराभर जातात आणि जास्त पेशी कामाला लागतात.

आणि तव्याचा चटका. "मेंदूने सांगितलं म्हणून हात मागे घेतला" हे चूक, तो निर्णय पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतच होतो, मेंदूला बातमी नंतर लागते. आकृती काढताना स्नायूकडे जाणारा बाण मेरुरज्जूतूनच वळवा, आणि मेंदूकडे जाणारा वेगळ्या रंगाने दाखवा.