पायथॉनमध्ये ओळ तोडणं आणि स्पेस काढणं, कांद्याच्या भावावरून

माझे मामा निफाडकडे कांदा करतात, कुठल्या मार्केटला काय भाव निघाला ते रोज व्हॉट्सॲपवर टाकतात आणि मी इकडे नाशकात बसून त्याचा महिन्याचा ॲव्हरेज काढून देतो. पहिल्याच रनला लासलगाव दोनदा आलं. दिसायला दोन्ही सेम, पण लेन (लांबी मोजणारं फंक्शन) लावून बघितलं तर एकात एक कॅरेक्टर जास्त, शेवटी स्पेस चिकटलेली.

समजा ओळ अशी आहे: लासलगाव , उन्हाळ,  १८५०

स्प्लिटला स्वल्पविराम दिला की तीन तुकडे मिळतात, पण स्प्लिट फक्त तोडतं, साफ काही करत नाही, स्पेस तशाच राहतात. स्पेस काढतं ते स्ट्रिप, पण अख्ख्या ओळीला आधीच ते लावून उपयोग नाही, ते फक्त ओळीची दोन टोकं बघतं. म्हणून आधी तोडा आणि मग प्रत्येक तुकड्याला स्ट्रिप लावा (कोड अर्थात रोमनमध्ये टाइप करायचा):

[तुकडा.स्ट्रिप() फॉर तुकडा इन ओळ.स्प्लिट(',')]

स्ट्रिप मूळ स्ट्रिंग बदलत नाही, नवीन देतं, त्यामुळे ते व्हेरिएबलमध्ये घ्यायला विसरू नका.

बरेच जण रिप्लेसने सगळ्या स्पेस उडवतात, ते नका करू, पिंपळगाव बसवंतचं पिंपळगावबसवंत होतं. मधे चुकून दोन स्पेस पडल्या असतील तर कंसात काहीच न देता स्प्लिट करा आणि एका स्पेसने जॉइन करा. रिकाम्या कंसाचं स्प्लिट कितीही स्पेस, टॅब एकच धरतं, पण कंसात एक स्पेस दिली तर दोन स्पेसच्या मधे रिकामा तुकडा येतो.

आता खरी कटकट, मामा कधी १,८५० असं लिहितात आणि भावाचेच दोन तुकडे पडतात! भाव शेवटी असेल तर स्प्लिटला दुसरं आर्ग्युमेंट २ द्या, म्हणजे पहिल्या दोन स्वल्पविरामांवरच तोडेल आणि शेवटचा तुकडा अख्खा १,८५० मिळेल, त्यातला स्वल्पविराम काढून इंटला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) द्या. इंटला देवनागरी आकडे पण कळतात, वेगळं कन्व्हर्ट करायची गरजच नाही. एक्सेलमधून आलेली फाइल असेल, आकडा अवतरणचिन्हात असेल, तर मात्र सरळ पायथॉनचं सीएसव्ही मॉड्यूल (स्वल्पविरामाने तोडलेल्या फाइल वाचणारं) वापरा.

रिकाम्या ओळी आधीच गाळा, कारण रिकाम्या स्ट्रिंगला स्वल्पविरामावर तोडलं तरी एक रिकामा तुकडा येतोच.

एवढं करूनही मॅच होत नसेल तर रेपर लावून प्रिंट करा, न दिसणारी कॅरेक्टर कोडसकट दिसतात. झीरो विड्थ स्पेस स्ट्रिपने निघत नाही, तिला रिप्लेसच करावं लागतं. पण त्याच झटक्यात झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं, तेही न दिसणारं कॅरेक्टर) उडवू नका! 'शेतकऱ्याचं' मधला ऱ्य काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि जॉइनर असा लिहितात, जॉइनर गेला की त्याचं शेतकर्याचं होतं, रफार वर जातो. तिथे र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त टाका, मग दोन्हीकडून टाइप झालेली नावं एकच धरली जातात.