थंडीत घरभर पुरेल असा खिमा-मॅकरोनी

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशिकमध्ये रात्रीचं जेवण गरम आणि पोटभर लागतं. अशा वेळी खिमा-मॅकरोनी करून पाहा. अमेरिकेत हा पदार्थ गोमांसाच्या खिम्याचा करतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हणून इथे मटणाचा खिमा घ्यायचा. मात्र त्यामुळे कृतीही थोडी बदलते. गोमांसाच्या खिम्याला भरपूर चरबी सुटते आणि तो लवकर शिजतो. बोकडाचा खिमा कोरडा असतो, त्याला तेल आणि वेळ दोन्ही जास्त लागतात.

पाच जणांसाठी अर्धा किलो खिमा, २५० ग्रॅम मॅकरोनी, तीन मोठे कांदे, पाच टोमॅटो, एक ढोबळी मिरची, दोन चमचे आलं-लसूण वाटण, दीड चमचा कांदा-लसूण मसाला, पाव चमचा हळद, तमालपत्र, चार मोठे चमचे तेल, मीठ आणि कोथिंबीर घ्या. खाटकाला खांद्याचा खिमा मागा, थोडी चरबी राहू द्या म्हणावं आणि यंत्रातून एकदाच काढून घ्या. फार बारीक खिम्याचा लगदा होतो. मॅकरोनीचं पाकीट उलटून वाचा: रव्याची घ्या, मैद्याची लगेच गळते.

खिमा धुतलात तर बारीक चाळणीत निदान पंधरा मिनिटं निथळू द्या. ही पायरी गाळू नका, पदार्थाची सगळी चव पुढच्या भाजण्यावर आहे. जाड बुडाच्या कढईत निम्मं तेल चांगलं तापवा, खिमा पसरा आणि दोन-तीन मिनिटं हात लावू नका. मग उलथन्याने गोळे फोडा. आधी पाणी सुटेल, खिमा करडा दिसेल. इथेच बहुतेक जण मसाला टाकून मोकळे होतात आणि खिमा उकडल्यासारखा लागतो. आच मोठीच ठेवा. पाणी आटून तेलाचा चरचर आवाज यायला लागेल, कडा तांबूस होतील, बुडाला तपकिरी थर धरेल. तो थर जळू देऊ नका, पण खरवडून फेकूही नका. खिमा ताटात काढा.

त्याच कढईत उरलेलं तेल, तमालपत्र आणि बारीक चिरलेला कांदा. हिवाळ्यात लासलगावकडून येणारा नवा लाल कांदा पाणीदार असतो, चाळीत साठवलेल्या उन्हाळी कांद्यापेक्षा परतायला जास्त वेळ घेतो. चिमूटभर मीठ घातलं की लवकर मऊ पडतो. त्याच्या ओलाव्याने बुडाचा थर सुटतो, तो उलथन्याने कांद्यात मिसळा. आता वाटण, हळद, मसाला. टोमॅटो अर्धे कापून किसा, साल हातात राहील. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातला टोमॅटो लांबच्या प्रवासासाठी घट्ट सालीचा असतो, ती साल रश्श्यात दाताखाली येते. तेल सुटलं की खिमा परत घाला, दोन वाट्या गरम पाणी आणि मीठ घाला, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं शिजवा. दाण्याएवढा तुकडा दाताखाली सहज तुटला पाहिजे.

शेवटची दहा मिनिटं उरली की दुसऱ्या पातेल्यात अडीच लिटर पाणी खळखळ उकळा, दोन चमचे मीठ टाका आणि मॅकरोनी सोडा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच उतरवा, मधे किंचित कच्ची हवी. गाळण्याआधी दोन वाट्या पाणी बाजूला काढा. गाळल्यावर गार पाण्याखाली अजिबात धरू नका: वरचा पिठूळपणा धुऊन गेला की रस्सा चिकटत नाही.

मॅकरोनी आणि चिरलेली ढोबळी मिरची खिम्यात घाला, काढलेल्या पाण्यातलं थोडं थोडं घालत तीन मिनिटं हलवा. रस्सा मॅकरोनीच्या पोकळीत शिरतो आणि ती कढईतच पूर्ण शिजते. आच बंद करताना रस्सा हवा त्याहून थोडा पातळ ठेवा, कारण ताटात येईपर्यंत तो आळतो. लहान मुलं असतील तर मसाला निम्मा करा आणि वरून चीज किसा. मोठ्यांना लिंबाची फोड आणि कच्चा कांदा पुरे.

उरलं तर गार झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. रात्रभरात मॅकरोनी सगळा रस्सा पिते, म्हणून अर्धी वाटी पाणी घालून, झाकण ठेवून, वाफा येईपर्यंत गरम करा.