डेटाबेसचा पहिला कोर्स कसा काढायचा: आधी ओळ ओळखा, मग क्वेरी लिहा

डेटाबेसचा कोर्स सुरुवातीला फार सोपा वाटतो, पहिले दोन आठवडे नुसती टेबलं दाखवतात आणि टेबल काय, एक्सेलमध्ये पण असतंच की, म्हणून सगळे निवांत. मग एकदम जॉईन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (ओळींचे गट करणं), नॉर्मलायझेशन (एक टेबल नीट तोडून मांडणं) अंगावर येतं आणि पाठांतर सुरू होतं. मी पण तसाच अडकलो होतो. नंतर ज्युनियर्सना लॅबमध्ये मदत करताना लक्षात आलं की बहुतेकांचा घोळ एकाच जागी होतो, समोरच्या टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय हे कुणी स्वतःला विचारतच नाही.

तर सवय ही लावायची. कुठलंही टेबल दिसलं की वहीत एक वाक्य लिहायचं, "इथे एक ओळ म्हणजे..." आणि ते पूर्ण करायचं. विद्यार्थी टेबलात एक ओळ म्हणजे एक विद्यार्थी, कोर्स टेबलात एक कोर्स, हे सोपं. नोंदणी टेबलात? एक ओळ म्हणजे एका विद्यार्थ्याने एका कोर्सला नोंदवलेलं नाव. मग प्रायमरी की, म्हणजे ओळ नेमकी ओळखणारा कॉलम किंवा कॉलमांची जोडी, आपोआप कळते, रोल नंबर आणि कोर्स कोड दोन्ही मिळून. आणि नापास होऊन तोच कोर्स परत घेता येत असेल तर? मग वाक्यच बदललं, सेमिस्टर पण की मध्ये आलं. की ही पाठ करायची गोष्ट नाही, त्या वाक्यातून निघते.

हे आधी हातात घ्या: एसक्यूलाईट (SQLite) इन्स्टॉल करा, सगळा डेटाबेस एका फाईलमध्ये, सर्व्हर वगैरे भानगड नाही. पण दोन गोष्टींत ते फसवतं. एक, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) बाय डिफॉल्ट तपासतच नाही, प्रत्येक कनेक्शनला प्रॅग्मा फॉरेन की ऑन करावं लागतं, नाहीतर नसलेल्या विद्यार्थ्याची नोंदणी पण गुपचूप आत जाते. दुसरं, ग्रुप बायमध्ये नसलेला कॉलम सिलेक्टमध्ये टाकला तरी एरर देत नाही, काउंट वगैरे करताना ग्रुपमधल्या कुठल्यातरी एका ओळीतली व्हॅल्यू उचलून दाखवतं. म्हणून जमलं तर महिनाभरात पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर या, ते अशा वेळी सरळ एरर देतं आणि शिकताना एरर मिळालेली बरी.

थिअरीचा इतिहास थोडाच पण माहीत असलेला बरा, वायवाला विचारतात. एडगर कॉड आयबीएममध्ये होता, 1970 साली त्याने रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे डेटा टेबलांत मांडायच्या कल्पनेचा, पेपर लिहिला, त्याआधीच्या सिस्टिम्समध्ये डेटा आत कसा साठवलाय ते माहीत असल्याशिवाय प्रोग्राम लिहिता येत नसे, कॉडचं म्हणणं असं की वापरणाऱ्याला ते कळायची गरजच नको. 1974 मध्ये चेंबरलिन आणि बॉईस यांनी सीक्वेल ही डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा आणली, पुढे ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे नाव एसक्यूएल झालं, म्हणून आजही अर्धे लोक सीक्वेलच म्हणतात. ईआर मॉडेल (गोष्टी आणि त्यांची नाती चित्रात मांडायची पद्धत) पीटर चेनचं, 1976. बस, एवढं पुरे.

रिलेशनल अल्जेब्रा (टेबलांवरच्या क्रियांचं गणित) कंटाळवाणी वाटते पण सोडू नका. एक गोची आधीच सांगतो, अल्जेब्रातलं सिलेक्शन म्हणजे ओळी गाळणं, ते एसक्यूएलमध्ये वेअर करतं, आणि एसक्यूएलमधलं सिलेक्ट म्हणजे अल्जेब्रातलं प्रोजेक्शन, कॉलम निवडणं. परीक्षेत यावर हमखास मार्क जातात. शिवाय अल्जेब्रात डुप्लिकेट ओळी आपोआप जातात, एसक्यूएलमध्ये डिस्टिंक्ट म्हटल्याशिवाय जात नाहीत.

क्वेरी वाचायचा क्रम लिहिण्याच्या क्रमापेक्षा वेगळा आहे, हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे बरेच तास वाचले असते. आधी फ्रॉम आणि जॉईन, मग वेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग (गटांवरची अट), मग सिलेक्ट, शेवटी ऑर्डर बाय. म्हणूनच सिलेक्टमध्ये दिलेलं नवीन नाव वेअरमध्ये वापरलं की पोस्टग्रेस बोंब मारतं, त्याच्या लेखी ते नाव अजून जन्मालाच आलेलं नाही, ऑर्डर बायमध्ये मात्र चालतं. प्रत्येक टप्प्याला थांबून परत तेच विचारायचं, आता एक ओळ म्हणजे काय? विद्यार्थ्यावर ग्रुप बाय करत असाल तर त्याआधी एक ओळ म्हणजे एक नोंदणी, नंतर एक ओळ म्हणजे एक विद्यार्थी. मग त्या विद्यार्थ्याच्या ओळीत "कोर्सचं नाव" कसं दाखवणार, त्याचे तर चार कोर्स आहेत. एरर का आली ते लगेच कळतं.

जॉईनवर जास्त वेळ द्या. माझ्या प्रोजेक्टच्या डेमोत असं झालं, विद्यार्थ्यांची एकूण क्रेडिट्स काढायची होती आणि सोबत फोन नंबर पण हवे होते, मी नोंदणी आणि फोन ही दोन्ही टेबलं विद्यार्थ्याला जोडली आणि वर सम मारला. एकाचे तीन कोर्स, प्रत्येकी 4 क्रेडिट, म्हणजे 12 यायला हवे होते, पण त्याचे फोन होते दोन. तीन गुणिले दोन, सहा ओळी, उत्तर 24. ज्यांचा एकच फोन त्यांचं उत्तर बरोबर, त्यामुळे टेस्टिंगमध्ये काही दिसलंच नाही, आणि मॅडमनी नेमका हाच विद्यार्थी उघडला. उपाय असा की आधी नोंदणीची बेरीज वेगळ्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतली क्वेरी) करून एका विद्यार्थ्याला एक ओळ करून घ्यायची, मगच जोडायची. डिस्टिंक्ट चिकटवून हे झाकायला जाऊ नका, तिन्ही कोर्स 4 क्रेडिटचे असल्यामुळे सम डिस्टिंक्ट केलं तर उत्तर 4 येईल, ते आणखीच चूक.

लेफ्ट जॉईनचे पण दोन सापळे. ज्याने एकही कोर्स घेतला नाही तो विद्यार्थी दिसावा म्हणून लेफ्ट जॉईन केला आणि खाली वेअरमध्ये नोंदणीच्या ग्रेडची अट टाकली, की तो विद्यार्थी गायब, कारण त्याची ग्रेड नल आहे, म्हणजे तिथे व्हॅल्यूच नाही. ती अट जॉईनच्या ऑनमध्ये टाकायची. दुसरं, काउंट स्टार लिहिलं तर त्याच विद्यार्थ्याचे कोर्स 1 दाखवतो, कारण ओळ तर एक आहेच ना, नलांनी भरलेली. काउंटमध्ये नोंदणीचा कोर्स कोड द्या, मग 0 येतं.

नल म्हणजे शून्य नाही आणि रिकामी स्ट्रिंग पण नाही, तुलना केली की ट्रू नाही फॉल्स नाही, अननोन मिळतं. हे कागदावर एकदा करा: 5 नॉट इन (यादीत नाही) 1, 2, नल. पाच एकपेक्षा वेगळा, ट्रू. दोनपेक्षा वेगळा, ट्रू. नलपेक्षा वेगळा? अननोन. तिन्हींचा अँड, अननोन. वेअर फक्त ट्रू ठेवतं, म्हणून यादीत एक नल घुसला की अख्खी क्वेरी रिकामी येते, एरर नाही काही नाही. मी नॉट इनच्या जागी नॉट एक्झिस्ट्स लिहितो, झंझट नको.

नॉर्मलायझेशन लोक उगाच अवघड करून ठेवतात. समजा एकाच टेबलात रोल नंबर, नाव, कोर्स कोड, कोर्सचं नाव, शिक्षक, शिक्षकाची खोली आणि ग्रेड असं सगळं कोंबलंय. ओळीचं वाक्य लिहायला बसा, "एक ओळ म्हणजे एक नोंदणी आणि शिवाय एक विद्यार्थी आणि शिवाय एक कोर्स..." जिथे "आणि शिवाय" आलं तिथे कात्री. रोल नंबरवरून नाव ठरतं, ते कीच्या अर्ध्या भागावर अवलंबून, म्हणजे दुसरा नॉर्मल फॉर्म (टेबलाच्या मांडणीचा नियम) मोडला. कोर्स एकच शिक्षक शिकवतो असं धरलं तर कोर्सवरून शिक्षक आणि शिक्षकावरून खोली, कोर्सचं टेबल वेगळं केलं तरी ही साखळी उरते आणि तिसरा मोडतो. निघाली चार टेबलं: विद्यार्थी, कोर्स, शिक्षक, नोंदणी. पेपरात मात्र क्लोजर (एखाद्या कॉलमवरून काय काय ठरतं त्याची यादी) काढूनच दाखवा, एकट्या कोर्स कोडचं क्लोजर कोर्सचं नाव, शिक्षक, खोली इथपर्यंतच पोचतं, ग्रेड येत नाही, म्हणून तो एकटा की नाही. असं लिहिलं की मार्क कापता येत नाहीत.

ट्रान्झॅक्शन (एकतर सगळे बदल होतात नाहीतर एकही नाही, असा कामांचा गट) वाचून कळत नाही, करून बघा. पोस्टग्रेसची दोन टर्मिनलं शेजारी शेजारी उघडा, पहिल्यात बिगिन करून एक ओळ अपडेट करा आणि कमिट (बदल पक्का) न करता सोडा. दुसऱ्यात तीच ओळ सिलेक्ट करा, जुनी व्हॅल्यू दिसेल. आता दुसऱ्यातून तीच ओळ अपडेट करा, कर्सर नुसता लुकलुकत थांबेल. पहिल्यात रोलबॅक (बदल रद्द) द्या, दुसरं त्याच क्षणी पुढे सरकतं.