हाय-फ्लोवर सॅच्युरेशन ९४ होतं, तेच नडलं

अजूनही हे लिहिताना पोटात गोळा येतो. न्यूमोनियाचा पेशंट, रात्री दहाला मी एचएफएनसी लावलं, म्हणजे नाकातल्या नळीने जोरात गरम, ओलसर ऑक्सिजन देणारं हाय-फ्लो. फ्लो मिनिटाला ५० लिटर, एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ०.५, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी) ९४ टक्के, श्वास मिनिटाला ३०. तासाभरात माणूस जरा निवांत झाला, चार शब्द बोलला. मी खूश. पहाटे चारला सॅच्युरेशन किती? ९४च. मी शीटवर 'स्थिर' लिहून मोकळी झाले.

स्थिर काही नव्हतं. सॅच्युरेशन जरा घसरलं की एफआयओटू थोडा वाढवायचा, असं करत ०.५चा ०.८ झाला होता. दर वेळी फक्त पाच टक्के, म्हणून डोळ्यांत भरलंच नाही. श्वास ३६ वर गेले होते. मॉनिटर मात्र २४ दाखवत होता आणि मी तेच उतरवून घेतलं. दोन वाजता सिस्टर म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, हे मानेचे स्नायू ओढून श्वास घेतायत." मी लांबूनच आकडा पाहिला आणि "९४ आहे ना" म्हटलं.

आता हाच हिशोब नीट बघा, कारण सगळी गोम इथे आहे. हाय-फ्लो पुरतंय का हे सांगणारा आकडा म्हणजे रॉक्स: सॅच्युरेशन भागिले एफआयओटू, आणि त्याला पुन्हा श्वासांच्या गतीने भागायचं. दहा वाजता ९४ ला ०.५ ने भागलं की १८८, त्याला ३० ने भागलं की ६.३. चार वाजता ९४ ला ०.८ ने भागलं की ११७.५, त्याला ३६ ने भागलं की ३.३. सॅच्युरेशन तसूभरही हललेलं नाही आणि रॉक्स निम्म्यावर आलाय. न्यूमोनियाच्या पेशंटमध्ये २, ६ आणि १२ तासांना रॉक्स ४.८८ किंवा जास्त असेल तर ट्यूब (श्वासनळीत नळी घालून व्हेंटिलेटर लावणं) टळण्याची शक्यता चांगली. दोन तासांना २.८५, सहा तासांना ३.४७, बारा तासांना ३.८५ याच्या खाली असेल तर हाय-फ्लो हरतंय असं धरून चला. मी नेमकी सहाव्या तासाला ३.३ वर होते आणि मला पत्ता नव्हता. मॉनिटरचे २४ धरले असते तर रॉक्स ४.९ आला असता, म्हणजे पास! म्हणून श्वास स्वतः मोजा, छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट. याला ॲपही लागत नाही. ॲपमध्ये चुकीचा आकडा टाकला की उत्तरही तितक्याच ऐटीत चुकीचं येतं.

ट्यूब शेवटी पडली, पण साडेपाचला, दमून गेलेल्या माणसाला, घाईत. बीपी कोसळलं. पेशंट वाचला, पण व्हेंटिलेटर सुटायला तीन आठवडे लागले. २०१५ साली आलेल्या एका अभ्यासात हाय-फ्लोवर ४८ तासांनंतर ट्यूब पडलेल्यांमध्ये आयसीयूतले मृत्यू लवकर ट्यूब पडलेल्यांपेक्षा जास्त होते. जुन्या नोंदींवरून केलेला अभ्यास, त्यामुळे उशीर हेच कारण असं छातीठोक म्हणता येत नाही. मला मात्र पटायला ती रात्र पुरली.

हे वाचून हाय-फ्लोला घाबरू नका. चीज चांगलीच आहे. ३७ अंशांची ओलसर हवा, ६० लिटरपर्यंत फ्लो, घशातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, थोडंसं प्रेशरही मिळतं (तोंड उघडं असेल तर तेही जातं). हाय-फ्लोची साध्या ऑक्सिजनशी आणि मास्कशी तुलना करणाऱ्या २०१५च्याच फ्लोराली चाचणीत ३१० पेशंट होते. ट्यूबच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, पण ९० दिवसांपर्यंतचे मृत्यू हाय-फ्लो गटात कमी होते. मात्र त्या गटातही ३८ टक्क्यांना ट्यूब लागलीच. तेव्हा ट्यूब पडली म्हणजे आपण हरलो, हे डोक्यातून काढा.

बाकीचं थोडक्यात. कॅन्युला नाकपुडीच्या निम्म्याहून जाड नको. गरम लागतं म्हणाले तर तापमान ३४ करा, फ्लो तोडू नका. सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आणि एबीजीत (धमनीच्या रक्ताच्या तपासणीत) ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं, असेल तर आधी एनआयव्ही (मास्कने दाब देऊन श्वासाला मदत). झोपाळलेला पेशंट 'शांत झाला' असं समजू नका.

"बघू सकाळी राउंडला" म्हणणाऱ्या सीनियरला रात्री उठवायला लाजू नका. चिडतील, चिडू देत. माझ्या मते आयसीयूतला खरा गुरू दहा वर्षं तिथेच उभ्या असलेल्या सिस्टर. स्नायू ओढतायत म्हणाल्या की उठून जायचं, आकडा नंतर.

मी आता फ्लो, एफआयओटू, सॅच्युरेशन आणि मोजलेले श्वास एकाच ओळीत लिहिते, म्हणजे एफआयओटू चोरपावलांनी चढला तरी दिसतो. आणि हाय-फ्लो लावतानाच इंट्युबेशनची (ट्यूब घालायच्या सामानाची) ट्रॉली बेडजवळ मागवते. बऱ्याचदा ती तशीच परत जाते. सिस्टर कुरकुरतात, पण आणून ठेवतात.